कधीच न तापणारी गाडी

आरिल्ये गावात तिहोमिरच्या गाडीचं नाव होतं. ती कधीच तापत नसे. जुलैत रासबेरीचे ट्रे भरून शीतगृहाचा चढ चढताना निम्म्या गावाच्या गाड्या बॉनेट उघडून, वाफा सोडत कडेला उभ्या असायच्या, आणि तिहोमिर खिडकीबाहेर कोपर काढून त्यांच्या शेजारून सावकाश जायचा. सावकाश अशासाठी, की सगळ्यांनी नीट पाहावं. वर "पाणी हवंय का रे?" असंही विचारायचा. माणूस वाईट नव्हता. पण शाळेत पोरांना सुतारकाम शिकवण्यात जन्म गेलेला, आणि निवृत्त झाल्यावर मिरवायला एवढी एक गाडीच उरलेली.

उन्हाळ्यातली ही ऐट हिवाळ्यात अंगाशी यायची. इंजिनाच्या तापमानाचा काटा तळाशी झोपलेला असायचा तो कितीही पळवली तरी उठायचा नाही. हीटर लावला की आजारी माणसाने फुंकर घालावी तसा वारा यायचा. तिहोमिरने हीटरचा पंखा बदलला, नळ्या धुऊन काढल्या, दारांच्या फटींना नवं रबर लावलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. इंजिनाकडे मात्र त्याने बोट दाखवलं नाही, कारण इंजिन तर उत्तम होतं. कधी तापतच नव्हतं!

गेल्या डिसेंबरात याच गाडीने घात केला. मिलुंकाचं, म्हणजे तिहोमिरच्या बायकोचं माहेर झ्लातिबोरच्या पठारापलीकडे, नोवा वारोशजवळच्या एका खेड्यात. आईबाप गेले, घरात थोरला भाऊ ओब्राद. संत निकोला हा त्या घराचा संत, कुलदैवतच म्हणा ना. त्याच्या सणाला, स्लावाला, कुणी कुणाला बोलावत नसतं. ज्याला यायचं तो आपणहून येतो, आणि जो येत नाही त्याने काय ते सांगितलंच, असं सगळे समजतात. गेल्या वर्षी हे दोघं निघाले होते. पण पठारावर असं वारं सुटलं, की मिलुंकाचे ओठ निळे पडले, तिला बोलता येईना, आणि तिहोमिरने अर्ध्या वाटेतून गाडी वळवली. घरून फोन केला, तर ओब्राद म्हणाला, "गाडी तापली म्हणून माणूस वाटेत अडकतो, हे ऐकलंय. गार पडली म्हणून अडकलेला तूच पहिला, जावईबापू." आणि फोन ठेवून दिला. त्यानंतर वर्षभर तो बहिणीशी सणासुदीला चार शब्द बोलला, तेही मोजून मापून.

या वर्षीही गेलो नाही तर ते दार बंद झालं, हे दोघांनाही कळत होतं. मिलुंकाला दुसरं माहेर नव्हतं.

संत निकोलाच्या आधीच्या मंगळवारी ती स्वयंपाकघरात अक्रोड कुटत होती. उपवासाची स्लावा, त्यामुळे केकात अंडं नाही, लोणी नाही, नुसते अक्रोड. कुटता कुटताच ती म्हणाली, "मी बसने जाते."

"बसने? आणि मी?"

"तू गाडीने ये. नाहीतर बस घरी. तुझ्या त्या बर्फाच्या पेटीत मी पाय ठेवणार नाही."

"बस तिथे पोचेपर्यंत तुझ्या दादाने सणाचा पाव कापलेला असेल."

"असू दे कापलेला. उष्टा तुकडा खाईन, पण जाईन."

बायको बसने एकटी उतरली की खेड्यात काय बोलतील ते तिहोमिरला ऐकू यायला लागलं. जावई रुसलाय. जावयाने तिला एकटं पाठवलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, तिच्या जुन्या बुटांनी ती बसस्टॉपपासून चढण चढणार, हातात केक घेऊन. त्याने टोपी घातली आणि अंगणात गेला.

अंगणात गाडीचं बॉनेट उघडलं की शेजारचा रादोयको प्रकटतो, हा त्या गल्लीचा नियम आहे. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. तो आला तो बाटली आणि दोन छोटे पेले घेऊनच, आणि पेले त्याने बॅटरीवर ठेवले.

"काय शेजारी, कोण मेलं?"

"हीटर."

"हीटरला काही झालेलं नाही. वारा शिरतोय आत. या देशात माणसं आजाराने मरत नाहीत, वाऱ्याच्या झोताने मरतात. माझी सासू..."

"तुझी सासू जिवंत आहे."

"झोतात बसत नाही म्हणून." रादोयकोने पेला रिकामा केला. "पुठ्ठा लाव रेडिएटरपुढे."

"लावलाय. केळ्याच्या खोक्याचा. गेल्या वर्षीही होता."

"मग दोन लाव."

तिहोमिरने त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "रादोयको, माझी बायको माहेरी बसने जायला निघालीय."

रादोयकोने दुसऱ्यांदा उचललेला पेला खाली ठेवला. मिलुंकाला तो लग्न होऊन आली तेव्हापासून ओळखत होता. "मग मस्करी पुरे," तो म्हणाला. "रात्रभर उभीच आहे ना? गार आहे? चालू कर. आणि ये इकडे, हात दे."

त्याने तिहोमिरचा हात धरून इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या जाड रबरी नळीवर ठेवला. "सोडू नकोस. काय लागतं ते सांगत राहा."

"गार."

"गारच राहायला पाहिजे. इंजिन चांगलं तापेपर्यंत थर्मोस्टॅट या नळीच्या तोंडाशी दार बंद ठेवतो. आतलं पाणी आतच फिरतं, इंजिन तापतं, तुझ्या हीटरला ऊब मिळते. मग दार उघडतं आणि नळी एकदम अशी गरम होते की हात मागे घ्यावा लागतो."

दोघं वाकून उभे राहिले. मिलुंकाने खिडकीतून पाहिलं, तर दोन म्हातारे गाडीची नाडी बघत असल्यासारखे दिसत होते. थोड्या वेळाने तिहोमिर म्हणाला, "कोमट होतेय."

"आत्ताच? इंजिन तर अजून गारच आहे."

"कोमट होतेय म्हणजे होतेय. दोन्ही बरोबरच."

"मग दार सताड उघडं आहे, शेजारी. पहिल्या मिनिटापासून सगळं पाणी रेडिएटरमध्ये जातंय आणि गार होऊन परत येतंय. तू काय पठारावर शेगडी पेटवून छप्पर काढून बसला होतास?" रादोयको खुशीत आला. "तुझी गाडी तापत नाही ती गुणाची म्हणून नाही. तिला तापताच येत नाही!"

हे तिहोमिरला चांगलंच लागलं. दोन उन्हाळे त्या चढावर कोपर बाहेर काढून तो जे मिरवत होता, ते दुखणं होतं. त्याने इंजिन बंद केलं, गार होऊ दिलं, पाना आणला आणि थर्मोस्टॅटचं झाकण खोललं. अडकलेला, गंजलेला थर्मोस्टॅट बाहेर येईल म्हणून रादोयकोने फडकं पुढे धरलं होतं. आत काहीच नव्हतं. नुसतं भोक.

"काढलाय कुणीतरी," रादोयको म्हणाला. "उन्हाळ्यात काढतात आपली माणसं, घाटात गाडी उकळू नये म्हणून. शरदात परत बसवतात. तू काढलास आणि विसरलास?"

"मी हात नाही लावला."

"मग कुणी?"

आणि तिहोमिरला आठवलं. दीड वर्षापूर्वी सगळे मिळून समुद्रावर निघाले होते. हे दोघं, ओब्राद आणि त्याची बायको स्तानिया. मॉन्टेनेग्रोच्या घाटात गाडी उकळली. तिहोमिर कॅन घेऊन झऱ्यावर गेला, बायका सावलीत बसल्या, आणि परत येतो तर ओब्राद हात पुसत उभा. "झालं. आता जन्मात तापणार नाही." खरंच तापली नाही. त्या रात्री समुद्रकाठी ओब्रादने स्वतःच्या हातांचं कौतुक ऐकत तळलेले मासे खाल्ले, आणि काय काढलं ते सांगायचं राहून गेलं.

तिहोमिर पाना हातात घेऊनच घरात शिरला. "तुझा भाऊ!" तो म्हणाला. "वर्षभर फुगून बसलाय तो तुझा भाऊ! तुला गोठवलं कुणी? त्याने! मी त्याच्या दारात, सगळ्या पाहुण्यांसमोर..."

मिलुंकाने सगळं ऐकून घेतलं. तिला हसूही येत होतं आणि डोळेही भरले होते. शेवटी तिने पदरासारखा ॲप्रन डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "नवा बसव."

"बसवतोच. पण शुक्रवारी मी त्याला..."

"शुक्रवारी तू एक शब्द बोलणार नाहीस. सणाच्या दिवशी यजमानाला त्याच्याच घरात खाली पाहायला लावायचं? मला माहेर पाहिजे, तिहोमिर. तुला न्याय पाहिजे असेल तर तू बसने ये."

शुक्रवारी सकाळी दोघं निघाले. रेडिएटरपुढचा पुठ्ठा तिहोमिरने चुलीत घातला होता. उझित्से शहराच्या अलीकडेच काटा उठला आणि मधोमध येऊन थांबला, आणि तिहोमिर रस्त्यापेक्षा त्याच्याकडेच जास्त बघू लागला. हीटरमधून भाजणीसारखी खरपूस ऊब यायला लागली. मिलुंकाने आधी हातमोजे काढले, मग मफलर, मग कोट. पठारावर बर्फ आडवं उडत होतं, आणि तिने बूट काढून पाय समोर पसरले होते. लहानपणी बापाच्या घोडागाडीतून याच वाटेने जत्रेला जायचो, कोण कुठे पडलं, कुणाची टोपी उडाली, सगळं ती सांगत सुटली. चाळीस वर्षांच्या संसारात तिहोमिरने यातलं निम्मंही ऐकलं नव्हतं. तो आपला हूं हूं करत राहिला, आणि मनातल्या मनात ओब्रादला सुनवायचं वाक्य घासत राहिला. बंदी बोलण्यावर होती, घासण्यावर नव्हती.

दारात स्तानियाने गव्हाच्या गोड प्रसादाचा चमचा पुढे केला. आत मेणबत्ती जळत होती, टेबलाभोवती वीसेक माणसं दाटीवाटीने बसली होती, आणि ओब्राद उभा होता. स्लावाच्या दिवशी यजमान बसत नाही. पाहुण्यांना वाढायचं, पेले भरायचे, आणि शेवटचा पाहुणा जाईपर्यंत पायांवर राहायचं. त्याने बहिणीला पाहिलं. हातातला जग त्याने जरा जास्तच काळजीने टेबलावर ठेवला.

"आलात," तो म्हणाला.

"सण सुखाचा होवो, यजमान," तिहोमिर म्हणाला.

पाव अजून कापायचा होता. रीतीप्रमाणे सगळ्यांनी मिळून तो हातांवर धरून फिरवला, ओब्रादने वर वाइन ओतली, आणि मिलुंकाच्या हाताखाली पावाची कड होती. मग या उपवासातही चालणारा तळ्यातला कार्प मासा आला, घेवड्याची भाजलेली उसळ आली, आणि पहिली भूक भागल्यावर पाहुण्यांच्या जिभा मोकळ्या झाल्या. एका म्हाताऱ्याने विचारलं, जावईबापू या असल्या वाऱ्यात आले तरी कसे?

"गाडी कुणी दुरुस्त केलीय!" ओब्राद जग उंच धरून म्हणाला. चेहऱ्यावर हसू होतं, पण आवाजात वर्षभराची बोच होती. "घाटात उकळत होती. मी हात लावला. विचारा ह्यांना, त्यानंतर कधी तापली का? आणि तरी गेल्या वर्षी म्हणतात, गाडी चालेना!"

सगळं टेबल तिहोमिरकडे वळलं. वाक्य तयार होतं, चांगलं धारदार झालं होतं. त्याने बायकोकडे पाहिलं. ती माहेरच्या टेबलाशी, खिडकीजवळच्या जागेवर बसली होती. गाडीतल्या उबेने तिचे गाल अजून लाल होते, आणि ती नवऱ्याकडे बघत नव्हती. ताटातल्या माशाकडे बघत होती, काटे काढायचे असल्यासारखं.

"नाही," तिहोमिर म्हणाला. "त्यानंतर एकदाही तापली नाही."

टेबलावर हशा पिकला, कुणीतरी ओब्रादच्या हातांच्या नावाने पेला उचलला, आणि ते वाक्य तिहोमिरने घेवड्याच्या उसळीबरोबर गिळलं. ते चटकन गेलं, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

दिवस मावळायच्या आत निघायला हवं होतं. तिहोमिरने गाडी आधीच चालू करून ठेवली होती. ओब्राद नुसत्या सदऱ्यावर बहिणीला पोचवायला अंगणात आला, मुका घ्यायला दारातून आत वाकला, आणि तसाच राहिला. गरम वारा त्याच्या तोंडावर आला होता. त्याने मान वळवून काट्याकडे पाहिलं. मग तिहोमिरकडे.

"थर्मोस्टॅट बसवलास," तो हळू म्हणाला.

"बसवला."

"मी काढला होता. सांगणार होतो, तिथे पोचल्यावर. मग मासे आले आणि..." हिशोब त्याच्या डोळ्यांत दिसत होता, डिसेंबर, पठार, तो फोन. "मिलुंका, मला वाटलं, हाच तुला येऊ देत नाही. वर्षभर मी लोकांना तेच सांगत आलो."

"हा?" मिलुंका म्हणाली. "दादा, ह्याने परतीच्या वाटेला स्वतःचा कोट काढून माझ्या पायांवर टाकला होता. नुसत्या स्वेटरवर गाडी चालवली. आठवडाभर खोकत होता, आणि तुला सांगू नकोस म्हणाला."

तिहोमिर उगीचच आरसा नीट करायला लागला.

ओब्रादने मागचं दार उघडलं, आत बसला आणि दार ओढून घेतलं. सकाळपासून पहिल्यांदाच टेकला होता. घराच्या दारात स्तानिया येऊन हातवारे करू लागली, पाहुणे खोळंबले होते, पण तो हलला नाही. पुढे वाकून त्याने एक हात बहिणीच्या खांद्यावर ठेवला, आणि जरा थांबून दुसरा तिहोमिरच्या.

"उकडतंय रे फार," सदऱ्याचं वरचं बटण सोडत तो म्हणाला. "जरा कमी कर."

"करू नकोस, तिहोमिर," मिलुंका म्हणाली. "घामाने भिजू दे त्याला."