पिंपातली पिवळी साय

नोल्फाने फाटकाशी गाडी थांबवली आणि बघते तर काय, बाबा कुऱ्हाडीने गोठ्याचं कुंपण तोडत होते! परवापर्यंत खुर्चीतून उठताना कण्हणारा माणूस हा. सणासाठी केलेल्या एम्पानाद्यांची, म्हणजे खिमा भरलेल्या करंज्यांची टोपली तिने तशीच सीटवर टाकली आणि धावली.

"बाबा! अहो, काय चाललंय हे?"

"आलीस? बरं झालं." बाबांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "आधी गाडी वळव. तोंड उताराकडे करून ठेव. डोंगर उठलाय."

या खोऱ्यात डोंगर म्हटला की एकच, तो ज्वालामुखी. घरापासून तो दिसत नाही, मध्ये टेकडीचा खांदा येतो. ती लहान असताना तो फुटला, वरचा बर्फ वितळला आणि गाळाचा लोंढा ओढ्यातून खाली आला. आई तेव्हा ओढ्यावर धुणं धूत होती. तिची चप्पलसुद्धा सापडली नाही. आणि हा म्हातारा अजून त्याच ओढ्याच्या काठी घर धरून बसलाय! इथे फोन लागत नाही, गावातला भोंगा ऐकू येत नाही. काही झालंच तर नोल्फानेच वर धावत येऊन सांगायचं. बाबा, खाली चला, माझ्याकडे राहा, असं सांगून सांगून तिचा घसा सुकला होता. या हिवाळ्यात पायरीवरून घसरून पडले, ते शेजारी सहज डोकावला म्हणून वाचले. तरी नाहीच. हट्टी म्हणजे किती हट्टी असावं माणसाने!

"कशावरून उठलाय?"

"त्या पिंपात बघ म्हणजे कळेल."

पाण्यावर पिवळी साय धरली होती. पायरीवर, सरपणावर, कोंबड्यांच्या पाठीवर, जिथे बघावं तिथे पिवळी पूड.

"गंधक आहे ते," बाबा धापा टाकत म्हणाले. "त्या वर्षीसुद्धा आधी हेच पडलं होतं. आणि हा वारा बघ. आत्ता कुठे थंडी सरतेय आणि असा गरम वारा? त्याच्याच तोंडची वाफ आहे ही."

वारा गरम होता खरा. पूर्वेच्या पर्वतरांगेवरून पुएल्चे वारा सुटला की सप्टेंबरात, हिवाळा सरतानाही हवा अशीच तापते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण माणूस एकदा घाबरला की त्याची अक्कल गहाण पडते. नोल्फाने बोटं बुडवून नाकाशी नेली. गंधकाचा वास नव्हता. असता तरी बाबांना कळला नसता; मागच्या मोठ्या आजारपणात त्यांचं नाक गेलं ते गेलंच. तिने टेकडीकडे पाहिलं. तिथे लाकूड कंपनीने लावलेली पाइनची झाडं यंदा पहिल्यांदाच फुलोऱ्यावर आली होती. वाऱ्याचा झोत आला की त्या रानातून पिवळा धुरळा उठत होता. गावातही लाकूडगिरणीमागच्या पाइनमुळे दर वसंतात तिचे वाळत घातलेले कपडे असेच पिवळे व्हायचे. पराग होते ते. दुसरं काही नाही.

सांगायला म्हणून तिने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

सांगितलं तर काय होईल? बाबा कुऱ्हाड ठेवतील, चुलीवर पाणी चढवतील आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा पडतील. तेव्हा शेजारी डोकावेलच असं नाही. आणि नाही सांगितलं, तर आज संध्याकाळी ते तिच्या घरी, चार माणसांत. मग कळेल, चिडतील. चिडू देत!

"चला मग, आवरा लवकर," ती म्हणाली. तिला स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

बाबांनी गोठ्यातून बैल काढले. त्यातला क्लावेल चार पावलं गेला आणि सवयीने जोखडासाठी मान खाली घालून उभा राहिला. बाबांनी त्याच्या कपाळावरून हात फिरवला, मग काठी उचलली आणि पाठीत सणसणीत हाणली. जन्मात त्यांनी या जनावरावर काठी उगारली नव्हती. दोन्ही बैल बिथरून टेकडीच्या दिशेने पळाले. नोल्फाने दुसरीकडे तोंड फिरवलं.

मग बाबांनी घोंगडी, खारवलेलं मांस आणि आईचा फोटो असं सगळं आणून गाडीत ठेवलं. दार धाडकन लावलं.

"बसा ना," नोल्फा म्हणाली.

"मी कुठे येतोय?"

"म्हणजे?"

"तुझी आई गेली तेव्हा मी खाली बाजारात सफरचंदं विकत होतो." ते पायरीवर जाऊन बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "या वेळी मी इथेच असणार. तू निघ."

"वेड लागलंय का तुम्हाला? उठा आधी!"

"पोरी, वेळ घालवू नकोस. लोंढा थांबत नसतो कुणासाठी." आणि ती हलत नाही म्हटल्यावर ते उठले, दंडाला धरून तिला गाडीकडे ढकलायला लागले. "जा म्हणतो ना! तुझे आईबाप दोघं पुरे झाले त्याला. जा!"

"बाबा, ते गंधक नाही! पाइनचा फुलोरा आहे तो."

"मला भुलवू नकोस."

"देवाशपथ!"

त्यांना पटेना. तेव्हा तिने पिंपातून ओंजळ भरली आणि ती साय सरळ तोंडात घातली. बाबांनी झडप घालून तिचा हात झटकला, पण तोवर तिने गिळलं होतं. मग तिने पायरीवरची चिमूटभर पूड त्यांच्या तळव्यावर ठेवली. "तुम्हीच सांगता ना, डोंगरातून पडलेलं दाताखाली करकरतं म्हणून? बघा चावून."

बाबांनी चावलं. बराच वेळ चावत राहिले. काही करकरलं नाही.

ते थुंकले. आधी तुटलेल्या कुंपणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तुला कधी कळलं?"

"पिंपात बघितलं तेव्हाच."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर घातली.

"आता उद्या डोंगर खरंच उठला आणि तू धावत सांगायला आलीस, तर मी काय समजायचं, नोल्फा?"

बाबा क्लावेलला हाका मारत टेकडीकडे चालू लागले. ती मागोमाग निघाली, तर त्यांनी वळून न बघता हातानेच तिला थांबवलं.