दूत बोलतो

रविवारी दुपारी माझं बाइंडिंगचं दुकान बंद असतं, म्हणजे गिऱ्हाइकांसाठी बंद. आत कटिंगच्या टेबलावरचे कागद बाजूला सारून आम्ही चौघं नऊ वर्षं एकच खेळ खेळत आलोय. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, ते काय करतं ते सांगायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. गोष्ट पुढे नेणारा, उरलेली सगळी पात्रं वठवणारा सूत्रधार मी.

त्या दिवशी मास्तर नव्या नियमांचं पुस्तक घेऊन आले. शाळेत गणित शिकवतात, पण चेहरा असा, की स्वतःच वर्गात पहिले आलेत.

“जुने नियम खेळाच्या कंपनीनंच मोडीत काढलेत,” ते म्हणाले. “सगळीकडे खेळणारे भांडतायत यावरून. आपणही भांडून घेऊ, म्हणजे चार वाजता खेळायला मोकळे.”

“भांडायला मी कुठे कमी आहे?” वहिनी म्हणाल्या. वहिनी म्हणजे आमच्यातल्या चौथ्याच्या, वेल्डरच्या, वहिनी. पोस्टाच्या खिडकीवर बसतात, आणि त्यांचा आवाज रांगेतल्या शेवटच्या माणसाला शेजारी उभं करून सांगितल्यासारखा ऐकू जातो. वेल्डर त्यांच्या बाजूला, नेहमीसारखा गप्प.

मास्तर म्हणाले, जखमा भरण्याची कटकट गेली. वहिनी म्हणाल्या, मग जखमी व्हायचं कशाला? मास्तर म्हणाले, चित्रं बघा, वहिनींनी बघितली. “माझ्या चेटकिणीला वाढदिवसाची टोपी घातलीय मेल्यांनी.” आम्ही पोट धरून हसलो. हसता हसता मास्तरांनी पान एक्केचाळीस वाचलं : ‘पात्र जे बोलतं, ते खेळाडूनं स्वतः बोलायचं. ऐकणाऱ्याला शंका उरली, तरच फासा.’

वहिनींचा आवाज एकदम खाली आला. “हे मुळीच नको.”

का, ते आम्हाला ठाऊक होतं. वेल्डर लहानपणापासून बोलताना अडखळतो. आणि त्यानं पात्र घेतलं होतं दूताचं! राजेलोकांपुढे जाऊन लढाया थांबवणारा दूत. तो फासा टाकायचा, पंधराच्या वर पडलं की दूताचं भाषण मी करायचो. चांगलं झालरी लावलेलं, टाळ्या घेणारं भाषण. मला वाटायचं, माझे केवढे उपकार! आता नवे नियम आले तर दूत मुका होणार, आणि त्याच्यामागोमाग वेल्डरचं रविवारचं येणं बंद. आमच्या टेबलाचा रिवाज असा, की बदल एकमतानंच. एक ‘नाही’ पुरे.

“माझं नाही,” वहिनी म्हणाल्या. “विषय संपला. मास्तर, पुस्तक पिशवीत घाला.”

“ए-ए-एकदा खेळून बघू,” वेल्डर म्हणाला.

“काही गरज नाहीये, भावोजी.”

“वहिनी, ‘नाही’ तु-तुमचं झालं. मी अजून काहीच म्ह-म्हटलं नाहीये.”

मास्तरांनी पुस्तक उघडंच ठेवलं. मी गेल्या रविवारी थांबलो होतो तिथून सुरुवात केली. राणीचा एकुलता मुलगा लढाईत पडलाय. गाव जाळायला ती मशाली घेऊन वेशीवर आलीय. तिच्या घोड्यासमोर एकटा दूत.

सवयीनं माझंच तोंड उघडलं. मी ते मिटलं.

“महाराणी,” वेल्डर म्हणाला, “तुमचा मुलगा मा-माझ्या मांडीवर गेला.” हे गोष्टीत कुठेच नव्हतं. ते त्यानं तिथं बसल्या बसल्या घडवलं. “जाताना त्यानं मागितलं प... प...”

शब्द अडकला. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. वहिनींच्या ओठांवर तो शब्द तयार होता. त्यांनी ओठ दातांखाली धरला. वेल्डरनं शब्द सोडला नाही, वळसाही घातला नाही.  देवाशपथ सांगतो, राणीचं ते पोर आमच्यामध्ये टेबलावर तोंड उघडं टाकून पडलेलं मला दिसत होतं, आणि त्याच्या नि घोटभर पाण्याच्या मध्ये एवढं एक अक्षर उभं होतं.

“...पाणी.”

मास्तरांनी श्वास सोडला.

“याच गावातल्या बा-बाईनं दिलं. मी तिचं नाव वि-विचारलं नाही. घर माहीत नाही. आता तु-तुम्ही सांगा, कुठलं घर जाळायचं?”

 नऊ वर्षं मी त्या दूताच्या तोंडात माझे शब्द कोंबत होतो, आणि हा माणूस आत एवढं घेऊन बसला होता! देव कुणाच्या कंठात येऊन बसेल, काय सांगावं? माझ्यासमोर, खळीच्या डब्यापलीकडे बसला, आणि मी हात जोडायचंही विसरलो.

“शंका आहे कुणाला?” मास्तरांनी हळूच, नियमाप्रमाणे विचारलं.

वहिनींनी मनगटानं डोळे पुसले. “शंका कसली? नवीन पुस्तकच चालेल आम्हाला.” मग थांबून म्हणाल्या, “मला. भावोजींचं भावोजी सांगतील.”

“चालेल,” वेल्डर म्हणाला. पण नजर माझ्यावर. “म-महाराणींनी उत्तर दिलं नाही अजून.”

खरंच की! राणी मी होतो, आणि पान एक्केचाळीस मलाही लागू होतं. तोंड उघडलं तर आत झालरीचा एक तुकडासुद्धा शिल्लक नाही. तिघं वाट बघत राहिले.

“सावकाश,” वेल्डर म्हणाला. “आम्ही आ-आहोत इथंच.”

बऱ्याच वेळानं राणी घोड्यावरून उतरली. “ते पाणी,” ती म्हणाली, “कुठल्या विहिरीचं होतं? मला तिथं ने.”