तोरणाखालची झडती

भगवानरावाच्या जिभेला हाड नव्हतं, आणि गावाला त्याचं भारी कौतुक. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैलांची रांग लागली की झडत्या सुरू व्हायच्या. झडती म्हणजे चार ओळींची टिंगल, यमक जुळवून, मोठ्यानं ओरडून म्हटलेली. कुणी सरपंचाचं माप काढायचा, कुणी वीजवाल्यांचं, आणि शेवटी साऱ्या गावानं ‘हर हर महादेव’ म्हणून त्यावर शिक्का मारायचा. बाकीचे लोक त्याच त्या झडत्या वर्षानुवर्षं उगाळायचे. भगवानरावाची मात्र दरसाल नवी कोरी. सुलतानपूरच्या बाजारातसुद्धा लोक त्याला थांबवून विचारायचे, यंदा कोणाची पाळी? माणूस एवढ्यानंही फुगतो, आणि हा तर फुगायला टपलेलाच होता.

यंदाची पाळी बातम्यांनीच ठरवून टाकली होती. पोळ्याच्या तोंडावर आपलं सरकार आणि सीमेपलीकडचं सरकार बोलणी करायला बसलं होतं, कुठल्याशा तिसऱ्याच देशात, लांबलचक टेबलाभोवती. त्या देशाचं नाव गावात कोणाला धड घेता येत नव्हतं, पण मत प्रत्येकाचं तयार होतं. हॉटेलात हिंमतराव बाकावर हात आपटून सांगायचा, “त्यायच्यासंगं बोलाचं काय? आपली पोरं मरतात अन् हे चहा पेतात!” हिंमतरावाच्या सात पिढ्यांत कोणी फौजेत गेलं नव्हतं. एखादा कांदेवाला हळूच विचारायचा की रस्ता खुला झाला तर भाव चढन काय, आणि लोक त्याला तिथल्या तिथे देशद्रोही ठरवून मोकळे व्हायचे. भगवानराव चहाचे घोट घेत मान डोलवायचा आणि मनात यमकं जुळवायचा.

त्या बातमीचा खराखुरा आनंद झाला तो एकट्या तानाबाईला. तिचा मुलगा धम्मरत्न सीमेवरच्या चौकीत होता. गोळीबारामुळे त्याची रजा मंजूर व्हायची आणि रद्द व्हायची. बोलणी सुरू झाली तसा तिकडचा मारा थांबला, आणि पोरानं फोनवर सांगितलं, “माय, काल बूट काढून झोपलो.” तेवढ्या एका वाक्यावर तिनं वाटीभर साखर घेतली आणि ओळखीच्या घरी चिमूट चिमूट वाटली. भगवानरावाच्या दारी ती सगळ्यांत आधी आली. “भगवानभाऊ, हात करा पुढं. पोरगं निजलं माहं.” त्यानं हात पुढे केला, साखर तोंडात टाकली, आणि “आता त्याच्या लग्नाचं पाहा, वहिनी” असंही वर म्हणाला.

वहिनी म्हणायचा, कारण तिचा नवरा इंद्रभान आणि तो सावडीतले. दोघांकडे एकेकच बैल. भगवानरावाचा कैऱ्या आणि इंद्रभानाचा लाख्या एका जुवाखाली आले की जोडी व्हायची, आधी एकाचं वावर, मग दुसऱ्याचं. पेरणीला, डवऱ्याला, सगळ्याला हीच जोडी. बौद्धवाड्यातला बैल आणि पाटीलवाड्यामागचा बैल पोळ्यालाही एकाच रांगेत खांद्याला खांदा लावून उभे राहायचे. सुरुवातीला काही लोकांनी नाकं मुरडली होती. मग तीही थकली.

पोळ्याच्या दुपारी दोन्ही बैलांची शिंगं रंगवलेली, पाठीवर सारख्या झुली. एका बाजूला कैऱ्याचा कासरा धरून भगवानराव, दुसऱ्या बाजूला लाख्याजवळ इंद्रभान. बायका मारुतीच्या पारावर उभ्या. पोरांनी मोबाईल वर केले. भगवानरावानं खाकरून आवाज लावला:

“साहेब बसले बोलाले, मंधात ठेवला चहा,
काल म्हने ‘घुसून मारू’, आज म्हने ‘बसा, रहा’!”

शिट्ट्या झाल्या. हिंमतरावानं टोपी उडवली. खरं तर पुढच्या दोन ओळी त्यानं वेगळ्या जुळवल्या होत्या, कांद्यावरच्या. पण त्या गलक्यात नवं यमक आपसूक जिभेवर आलं, आणि जिभेवर आलेलं गिळायची त्याला सवय नव्हती.

“चहा तिकडं उकयला, पन साखर त्यात कोनाची?
घरोघर वाटत फिरते माय एका जवानाची!”

हशा असा उसळला की बैल बुजले. सगळ्या माना पाराकडे वळल्या. तानाबाई पहिल्या दोन ओळींना सगळ्यांबरोबर हसली होती. ते हसू तसंच तोंडावर राहिलं, कारण त्याचं काय करावं हे तिला कळेना. “तिकडंच पाठवा साखर,” हिंमतराव ओरडला, “अन् संगं हिलेही पाठवा!” भगवानरावाला तेव्हा थांबता आलं असतं. हिंमतरावाला दटावता आलं असतं. गावानं त्याचंच ऐकलं असतं. पण त्यानं हात वर केला आणि महादेवाचा गजर घेतला.

गजर विरला तसा इंद्रभानानं लाख्याचा कासरा सोडवून घेतला. पोळा फुटायच्या, म्हणजे तोरण तुटायच्या आधी रांगेतून बैल काढत नाहीत, तसा कोणी काढल्याचं कोणाला आठवत नव्हतं. त्यानं काढला. लोकांनी वाट दिली. तोरण तुटलं, बाकीच्या जोड्या उधळल्या, आणि भगवानराव एकाच बैलाला धरून मधोमध उभा राहिला. लोक पाठीवर थापा मारून जात होते. प्रत्येक थापेसरशी तो आणखी लहान होत होता.

घरी शालूबाई ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी होती. पाठीमागून लाख्या आला नाही हे तिनं पाहिलं. झडतीही तिच्या कानावर आधीच आली होती. तिनं कैऱ्याचे पाय धुतले, कुंकू लावलं, पोळीचा घास भरवला, आणि बैलाकडेच पाहत म्हणाली, “तुमी तिची साखर खाल्ली होती ना?”

भगवानरावानं पुरणपोळीचं ताट बाजूला सारलं. तोरणाखाली आपण कोणासारखे वागलो हे त्याला आता कळलं. हिंमतरावासारखे. आणि हिंमतराव निदान साखर खाऊन बोलला नव्हता. दिवे लागायच्या वेळेला तो उठला आणि इंद्रभानाच्या घरी गेला.

अंगणात लाख्या झुलीसकट बांधलेला होता. इंद्रभान बाजेवर बसला होता, त्यानं ‘बस’ म्हटलं नाही. तानाबाई ओट्यावर होती. भगवानराव उभ्या उभ्याच म्हणाला, “वहिनी, मी चुकलो. तोंडातून निंघून गेलं.”

“तोंडातून निंघालं तं निंघालं,” तानाबाई म्हणाली. “मंग हात काऊन वर केला?”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. धम्मरत्नच होता. तिनं आवाज नीट केला, पोळा झक्कास झाला म्हणून सांगितलं, आणि बोलता बोलता “भगवानकाका इथंच हायेत” असं तिच्या तोंडून गेलं. पोरानं काकांना द्यायला सांगितलं. तिनं फोन पुढे केला.

“जय भीम, काका! यंदा कोनावर म्हटली? म्हना ना एकदा. स्पीकरवर टाकला, इथं सारे ऐकून राह्यले.”

चार कोसांत ज्याच्या तोंडाला कोणी लागत नव्हतं, तो माणूस चाचरला. “यंदा... यंदा नाही जमली, बापू.”

“काऊन? तुमाले नाही जमली?”

तानाबाईनं फोन त्याच्या हातातून काढून घेतला. “जमली रे! लाजून राह्यले ते. वीजवाल्यायवर म्हटली. लय हसले लोक... मी? मी बी हसली. हाव, लय हसली.”

तिनं फोन पदराला पुसून ओट्यावर ठेवला. मग म्हणाली, “तुमच्यासाठी नाही बोलली मी. आत्ता कुठं झोप लागून राह्यली त्याले. पन पोरायनं व्हिडिओ काढला. आज ना उद्या पोचनच त्याच्यापाशी. तवा त्याचा फोन तुमालेच येईन. काय बोलाचं ते जुळवून ठेवा.”

भगवानराव अंगणातून निघाला. फाटकाशी त्याचे पाय अडले. मागे न वळता त्यानं विचारलं, “इंद्रभान, अन् सावड?”

इंद्रभान लाख्याची झूल उतरवत होता. ती घडी करून त्यानं बाजेवर ठेवली. “वावर तं पडीक ठेवता येत नाही,” तो म्हणाला. “बैल घेऊन येत जाईन. कामापुरतं बोलत जाऊ.”

“हाव,” भगवानराव म्हणाला, “हाव, कामापुरतं तं कामापुरतं,” घाईघाईनं, इंद्रभानाचं मन बदलायच्या आत.