जबडा वितळलेला पाना

मी एक जुना पाना आहे, मित्रांनो. नट आवळणारा, सैल करणारा साधा पाना. माझ्या जबड्याची एक कड वितळून गेली आहे, त्यामुळे आता कोणताही नट माझ्यात नीट बसत नाही.

कारखान्यात तापलेल्या पोलादावर घाव पडले आणि मी घडलो. मुठीवर जाड लाल रबर चढवले गेले. ते शोभेसाठी नव्हते. विजेच्या कामात माझे उघडे लोखंड भलत्या जागी टेकू नये, म्हणून ते चिलखत होते.

टेलिफोन केंद्रातल्या मिस्त्रींच्या हाती मी आलो. तिथे इंटरनेटची यंत्रे लोखंडी कपाटांत रचलेली असत आणि बॅटऱ्यांच्या विजेवर चालत. मिस्त्रींची शिस्त कडक. आधी अंगठी आणि घड्याळ काढून डब्यात ठेवायचे. मग स्विच बंद. मग मीटर लावून वीज खरोखर गेली का ते पाहायचे. "पाना सगळ्यात शेवटी," असे ते म्हणत. बावीस वर्षे आमची जोडी टिकली. "हा म्हणजे माझा उजवा हात," असे ते चारचौघांत सांगत आणि मी मनातल्या मनात फुगत असे.

पुढे माझे रबर तडकले. मिस्त्रींनी चिकटपट्टी गुंडाळली. ती सुटली, पुन्हा गुंडाळली. त्यांच्या जोडीला काम करणाऱ्या ताईंनी नवा पाना तीनदा लिहून मागितला. "चालतंय ना अजून? मग चालू द्या," एवढेच केंद्राच्या साहेबांचे उत्तर. चालत होते, हे खरे. माणसे कमी झाली होती, यंत्रे वाढली होती. मी दमलो होतो आणि मिस्त्रीही.

एका दुपारी इस्पितळाचे फोन बंद पडले. नवे यंत्र तातडीने जोडायचे होते. मिस्त्रींचे सकाळपासूनचे हे चौथे काम. अशा यंत्राला वीज दोन वाटांनी येते; एक तुटली तरी दुसरी चालू राहावी म्हणून. मिस्त्रींनी एक स्विच बंद केला. दुसरा बंदच असेल, असे ते धरून चालले.

"अहो, मीटर लावलात का?" ताईंनी कपाटापलीकडून विचारले.

"लावतो गं, आधी एवढा नट बघू दे."

मी नटावर टेकलो आणि माझी फाटकी मूठ कपाटाच्या चौकटीला लागली. दुसरी वाट चालूच होती. आगीचा पांढरा लोळ उठला. अठ्ठेचाळीस व्होल्ट म्हटले की लोक हसतात, पण बॅटऱ्यांचा सगळा जोर त्या क्षणी माझ्यातून धावला. माझे पोलाद मेणासारखे ओघळले. मिस्त्रींचा तळहात भाजून निघाला. ताईंनी धावत जाऊन मुख्य स्विच पाडला. इस्पितळाचे फोन संध्याकाळी सुरू झाले. मीटर लावायला दहा सेकंद लागले असते.

चौकशीच्या दिवशी मला टेबलावर ठेवले होते. ताईंचा आवाज चढला. "या मुठीकडे बघा साहेब. तीन पत्रं दिली होती मी!"

साहेबांची मान खाली गेली. तेव्हा पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन मिस्त्री हळूच म्हणाले, "त्यांचं चुकलंच. पण मीटर माझ्या खिशात होता, ताई. कंटाळा मी केला."



केंद्रात नवे पाने आले. मिस्त्रींची बोटे आता पुरती मिटत नाहीत. शर्टाची बटणे त्यांची बायको लावून देते. ते बॅटऱ्यांच्या खोलीच्या दाराशी स्टुलावर बसतात आणि मीटर दाखवल्याशिवाय कोणाला आत सोडत नाहीत. मी एका खणात पडून गंजतो आहे.

मित्रांनो, मला कोणाचा राग नाही. राग धरायचे बळच उरलेले नाही. आमची मूठ फाटली की आम्हाला वेळीच बाजूला काढा, एवढेच मागणे. आणि तुम्ही स्वतः थकला असाल, तर आधी खाली बसा, घोटभर पाणी प्या. काम कुठे पळून जात नाही. माझ्यासारखे पाने कारखान्यात रोज शेकड्यांनी घडतात. तळहात तिथे घडत नाहीत.