इंझोरीजवळ बंद पडणारी जीप

मी कारंज्याच्या उत्तमचंद शेठजींच्या जीपची इग्निशन कॉइल बोलतेय. दिसायला एवढीशी डबी, पण पोटात तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. बॅटरीच्या जेमतेम करंटातून ठिणगी पडेल एवढा जोर उभा करायचा, हे माझं काम.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात माझ्या आतली एक तार तुटली. गार असले की तिची टोकं जुळलेली राहायची, तापले की सुटायची. त्यामुळे कारंज्याहून निघालेली जीप इंझोरीच्या आसपास बंद पडे आणि तासाभराने मुकाट्याने सुरू होई.

नेमकी इंझोरी ही ड्रायव्हर प्रेमसिंगची सासुरवाडी. शेठजींच्या मनात पाल चुकचुकली: बिघाडाचं निमित्त करून हा तिथे पेट्रोल तर उतरवत नाही?

लखीराम मिस्त्रीने पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला. पण त्याच्या दुकानात पोचेपर्यंत मी गार झालेली असे, अन् गाडी पहिल्याच सेल्फला सुरू होई. शेठजी तोंडाने काही बोलत नसत. निघताना-परतताना टाकीत काठी घालून पेट्रोल बघत, अन् मग प्रेमसिंगच्या तोंडाकडे. एकदा तर ते गाडी सोडून एस.टी.ने कुठेसे जाऊन आले.

शेवटी लखीरामला सोबत घेऊन ते स्वतः भर दुपारी जीपमध्ये बसले. इंझोरीच्या अलीकडे मी दगा दिलाच. लखीरामने कार्बोरेटर पाहिला, पेट्रोल येत होतं. प्लगची वायर काढून इंजिनाजवळ धरली अन् प्रेमसिंगला सेल्फ मारायला लावला, ठिणगी नाही. मग त्याने माझ्यावर हात ठेवला आणि चटका बसून झटकन मागे घेतला. ओला फडका माझ्याभोवती गुंडाळून तो बाभळीखाली बसला. थोड्या वेळाने निळी ठिणगी उडाली.

"शेठजी, खोट कॉइलीत हाय," लखीराम म्हणाला. "प्रेमसिंगात नाई."

दुसऱ्या दिवशी नवी कॉइल बसली, काढलेली मी मागच्या सीटवर पडले होते. प्रेमसिंगने जीप दारात लावली अन् चावी शेठजींच्या हातात ठेवली.

"काहून?" शेठजी म्हणाले. "मी तुले एका शब्दानं बोललो का?"

"मले बोलले असते तं चाललं असतं. तुमी माह्या सासऱ्याले इचारून आले. आता तो बी माह्याकडे तुमच्यावानीच पाह्यते."

शेठजी चावी मुठीत धरून ओट्यावर बसून राहिले. प्रेमसिंग पायीच निघून गेला.

आता मी लखीरामच्या मोडीच्या डब्यात आहे. मला तोंड असतं, तर पहिल्याच दिवशी कबूल केलं असतं. तुम्हाला ते आहे. संशय ज्याचा आला, त्यालाच आधी विचारत जा.