सोबत येणारे

दादांनी लाल पेन्सिलीला टोक काढलं, परदेशी स्थायिक होण्याच्या नियमांच्या पुस्तिकेचं आठवं पान उलटलं आणि नवव्यावर थबकले.

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बाई मटार सोलत होत्या. दादा म्हणजे त्यांचे थोरले दीर. उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला, त्यामुळे औषधाच्या बाटलीवरचा मजकूरही ते हातात पेन्सिल असल्याशिवाय वाचत नसत. लग्न केलं नाही. धाकट्या भावाच्या घरात एकतीस वर्षं राहिले. बाई शाळेत गणित शिकवायच्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची. दादाही बाईच म्हणत.

"किती निघाल्या चुका?" बाईंनी विचारलं.

"आठव्या पानापर्यंत चौदा. माणसांना परदेशात वसवायला निघालेत आणि 'स्थायिक'मधली वेलांटी तीन ठिकाणी तीन तऱ्हांची."

"आणि नवव्यावर?"

दादांनी पुस्तिका मिटली. "नववं स्वच्छ आहे. बोट ठेवायला जागा नाही."

बाईंना जरा नवलच वाटलं. पण तेवढ्यात यजमान बाहेरून आले आणि बोलणं नव्या घराकडे वळलं. यजमानांनी छत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. गेल्याच महिन्यात ते निवृत्त झाले, बाई त्याच्या आधी वर्षभर. लेकीने परदेशात तिच्या घरापासून दोन मिनिटांवर यांच्यासाठी जागा पाहून ठेवली होती. तिसरा मजला, समोर नातीची शाळा.

"लिफ्ट कुठल्या बनावटीची ते विचारलं का?" यजमान म्हणाले.

"तुम्ही तिथे राहायला जाताय की ड्यूटीवर?" बाई म्हणाल्या.

दादा हसले. मग पुस्तिका कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवून आपल्या खोलीत गेले. त्याच गठ्ठ्याच्या तळाशी दुसऱ्या एका देशाची पुस्तिका होती. समुद्रकाठचं गाव, उबदार हवा. पण तिथे आपलं म्हणावं असं कुणी नव्हतं, म्हणून ती तळाला गेली होती.

आठवड्याने एका सकाळी फोन वाजला. घरात बाई एकट्याच होत्या.

"आजोबांना सांगाल का? खोली रिकामी झालीय. उद्या अकराला बघायला या म्हणावं."

"कुठली खोली?"

पलीकडच्या माणसाने वृद्धाश्रमाचा पत्ता सांगितला.

बाईंनी फोन ठेवला आणि गठ्ठ्यातून पुस्तिका काढून नववं पान उघडलं. 'सोबत येणारे कुटुंबीय: पती अथवा पत्नी, अवलंबून असलेली अपत्ये, आईवडील.' पुढे पूर्णविराम. पान खरोखरच स्वच्छ होतं.

दादा परत आल्यावर बाईंनी एवढंच सांगितलं, "उद्या अकराला बोलावलंय. मी येते बरोबर."

दादांनी चप्पल काढायला बराच वेळ लावला. "तुम्ही कशाला उन्हाची तंगडतोड करता?"

"तुम्हाला गादीतलं काय कळतं?"

खोली तळमजल्यावर होती. खाट, कपाट, एक खुर्ची. खिडकी भिंतीकडे उघडत होती. ती भिंत पांढरी असल्यामुळे उजेड मात्र चांगला येत होता.

"वाचायला झकास उजेड आहे," दादा म्हणाले.

बाईंनी गादी दाबून पाहिली. न्हाणीघरातला नळ सोडला, बंद केला, तरी गळत राहिला, म्हणून पुन्हा आवळला. शेजारच्या खोलीत कुणीतरी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होतं. दादा कपाटाचे कप्पे मोजत होते, पुस्तकं किती मावतील ते बघत.

व्यवस्थापक नोंदवही घेऊन आले. सभ्य माणूस होता. बाईंकडे वळून म्हणाले, "आपण यांच्या कोण?"

"शेजारी," दादा चटकन म्हणाले. "फार वर्षांच्या शेजारी."

बाईंनी दादांकडे पाहिलं. ते कपाटाचं दार लावत होते. दार नीट लागत नव्हतं.

"उद्या कळवलं तर चालेल?" बाईंनी व्यवस्थापकांना विचारलं.

बसथांब्यावर दोघं बाकावर बसले. एक बस आली, गेली. ती त्यांचीच होती.

"शेजारी?" बाई म्हणाल्या.

"अहो, जवळचं कुणी असेल तर खोली देत नाहीत. नियमच आहे तसा." दादांनी चष्मा पुसला. "आणि दोन्हीकडचा मजकूर जुळायला नको का? तिकडच्या कागदात मी कुटुंबात नाही. मग इकडे एकदम कुटुंब कुठून आणू?"

त्यांनी हे चेष्टेच्या सुरात म्हटलं होतं. बाई हसल्या नाहीत.

"माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर पेपर कोण वाचून दाखवत होतं? शेजारी?"

"त्यातले अर्धे लेख मी सुधारून वाचायचो," दादा म्हणाले. "तुमच्या लक्षात आलं नाही."

"आलं होतं."

दुसरी बस आली, तेव्हा बाईंनी त्यांच्या कोपराला हात लावून त्यांना उठवलं.

दुपारी यजमानांचं जेवण झाल्यावर बाईंनी टेबल पुसलं आणि गठ्ठ्याच्या तळची पुस्तिका त्यांच्यापुढे ठेवली.

"हे बघा. इथे अवलंबून असलेला भाऊसुद्धा चालतो."

यजमानांनी पुस्तिका उघडली नाही. "नववं पान वाचलंस वाटतं," ते म्हणाले.

बाईंच्या हातातलं फडकं थांबलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि बोलला नाहीत."

"काय बोलणार होतो? तुझं सगळं ध्यान तिकडे. नातीची शाळा समोर म्हटल्यावर तू खिडकीत उभी राहून हात कसा करायचा तेसुद्धा ठरवलंस." त्यांनी तळवा टेबलावर पसरला, मग मिटला. "म्हटलं, दादा स्वतःच विषय काढेल. त्याने काढला तर सोपं जाईल."

"त्यांनी खोली बघून ठेवली. भिंतीकडे खिडकी आहे. आणि मला शेजारी म्हणाले."

यजमानांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"तिथून लेकीकडे जायला विमानाने तीन तास," बाई म्हणाल्या. "मी पाहिलंय."

"नातीपासून लांब तू राहशील?"

"दादांकडे जा आधी."

यजमान उठले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि भावाच्या खोलीशी जाऊन उभे राहिले. एकतीस वर्षांत त्यांनी त्या दारावर कधी टकटक केली नव्हती. आज केली. दार उघडलं, लागलं. आतून दादांचा चढलेला आवाज आला, मग यजमानांचा. पुढे बराच वेळ दोघंही हळू बोलत राहिले.

रोजच्या वेळेला लेकीचा फोन आला. पडद्यावर नात होती. तिच्या एका हातात पिवळं कापड, दुसऱ्या हातात निळं. दोन्ही तिने गालांशी धरली होती.

"आजी, तुझ्या खोलीचे पडदे! पटकन सांग. दुकानदार खाली थांबलाय."

"नीट दाखव बघू. उजेडात धर."

नात त्या नव्या जागेच्या खिडकीशी सरकली. तिच्या मागे रस्ता दिसत होता, आणि रस्त्यापलीकडे शाळेचं फाटक. बाईंनी दोन्ही कापडं सावकाश पाहून घेतली.

"निळं घ्या," त्या म्हणाल्या. "पाहुण्यांच्या खोलीला निळं बरं दिसतं."

नात निळं कापड नाचवत पडद्याबाहेर गेली. तिच्या जागी लेकीचा चेहरा आला, अगदी जवळ.

"आई, पाहुणे कोण?"

बाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या.