कबड्डीतला खो

जानेफळच्या शाळेतले संघपाल सर तरुणपणी कबड्डी, खो-खो, कुस्ती, भालाफेक असं सगळंच खेळले आणि सगळ्यातच दुसरे आले. एक ना धड भाराभर चिंध्या, असं लोक म्हणत. लोकांचं काय जातं म्हणायला! आता सर खेळाचे शिक्षक होते, आणि पोरींच्या हातून तरी एकदा पहिला नंबर यावा, एवढीच त्यांची आस होती.

शाळेत खेळणाऱ्या पोरी मोजक्याच. सकाळी खो-खो खेळलेल्याच दुपारी कबड्डीला उतरत. समोरच्या शाळेचीही तीच गत.

तालुक्याची कबड्डीची फायनल बरोबरीत आली, शेवटची चढाई उरली. सरांना बघवेना. ते रेषेबाहेर, मैदानाकडे पाठ करून उकिडवे बसले. आत पाऊल टाकायची सोयच नव्हती. मास्तर मैदानात शिरला तर गुण समोरच्यांना, असं पंच जानरावांनी आधीच बजावलं होतं.

चढाईला प्रतीक्षा गेली. समोरची डिंपल वळली, तिच्या पाठीला प्रतीक्षाचा हात लागला आणि सवयीनं तोंडातून निघालं, "खो!"

दम तुटला, प्रतीक्षा बाद. पण खो मिळाल्यावर जागेवर थांबेल ती खेळाडू कसली? डिंपल सुसाट रेषेबाहेर पळाली, तीही बाद. प्रतीक्षा मुकाट्यानं तिच्या जागी खाली बसली. गुण पुन्हा सारखे. जानराव डोकं खाजवत मैदानाच्या मधोमध आले.

डिंपलला मात्र धरायला कोणी सापडेना. पाठ करून बसलेला एकच माणूस दिसला. तिनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "खो!"

सरांचं डोकं म्हणालं, बसून राहा. पण त्यांच्या पायांनी डोक्याला कधी विचारलं होतं? सर उठले ते थेट मैदानात. पुढ्यात जानराव. कॉलेजात असताना नांदुऱ्याच्या खो-खोच्या फायनलला हाच जानराव शेवटपर्यंत हाती लागला नव्हता, म्हणून सरांची ढाल गेली होती. सर अंगावर येताना बघून जानरावांनी शिट्टी तोंडात ठेवूनच हुलकावणी दिली आणि धूम ठोकली. मंडपातून, पाहुण्यांच्या खुर्च्यांमधून, सुटलेली पोटं सावरत दोघं पळाले. शेवटी सरांनी झेप घेतली आणि जानरावांचा शर्ट धरला.

"सोड बे संघपाल," जानराव धापा टाकत म्हणाले. "पॉइंट द्या लागते समोरच्यायले."

"दे नं."

शिट्टी वाजली. डिंपलची शाळा नाचायला लागली. प्रतीक्षा रडत सरांकडे आली.

"सर, आपन हारलो. काऊन उठले तुमी?"

सरांना पोरीकडे बघायची लाज वाटली, डोळे भरून आले. पण जानरावांचा शर्ट काही मुठीतून सुटेना.

"हाव पोरी, हारलो," ते म्हणाले. "पन हा सापडला."